न उघडलेलं इंजिन

साखळीवर टांगलेलं इंजिन कृष्णात मिस्त्रीनं हळूहळू खाली घेतलं आणि लाकडाच्या दोन ओंडक्यांवर टेकवलं. चिंध्यानं हात पुसले, पाना उचलला आणि माझ्या बहिणीकडं बघून म्हणाला, "वहिनी, तुमच्या म्होरं उघडतो. आत काय निघंल ते तुमीच बघा."

"उघडून काय हुतंय?" मी म्हणालो. "दुसरं बसवूया."

कोल्हापुरातल्या उद्यमनगरात पत्र्याची एक शेड, तिथं आम्ही तिघं उभे होतो. मार्च संपत आला होता आणि पत्रा तापला होता. मालनआक्का पदरानं वारा घेत एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. गाडी तिची. दाजी वारल्यावर तिच्यामागं राहिलं होतं ते दोन मुली आणि हा ट्रक. मी तिचा धाकटा भाऊ, तिच्या सासरच्या गावी येऊन राहिलो आणि गाडी चालवू लागलो. पशुखाद्याच्या डेपोतनं पोती भरायची आणि भुदरगडाकडच्या दूध संस्थांना पोचवायची. गाडी उभी राहिली की तिची चूल उभी राहिली, इतका सरळ हिशोब होता.

कृष्णात लोहार दाजींच्याच गावचा, दाजींचा मित्र. दोनच महिन्यांपूर्वी त्यानं हे इंजिन सगळं नव्यानं बांधलं होतं. आता ते जाम होऊन त्याच्याच दारात आलं होतं. ओढून आणावं लागलं. वाटेत डेपोच्या फाटकाशी थांबलो तेव्हा आक्कानं रागाच्या भरात चारचौघांत म्हटलं होतं, की कृष्णातच्या हातात आता काय राहिलं न्हाई. ते बोलणं आमच्या आधी शेडमध्ये पोचलं होतं. उद्यमनगरात अशा गोष्टी पोचायला वेळ लागत नाही. मिस्त्रीचं दुकान पाटीवर चालत नाही, डेपोच्या फाटकाशी ड्रायव्हर काय बोलतात त्यावर चालतं.

म्हणून त्याला ते उघडायचं होतं. तो रागावला नव्हता. शांतपणे सांगत होता, की पंधरा-वीस दिवस द्या. क्रँक घासून आणतो, हेड बघतो, जे गेलंय ते बदलतो. चूक माझी निघाली तर मजुरी नको आणि सामानही माझंच. दुसरं इंजिन कुणाच्या हातचं, कुणी कसं रेटलेलं, हे तुम्हाला कोण सांगणार? हे मला ठाऊक आहे, ह्याचा प्रत्येक बोल्ट मी आवळलाय.

मी म्हणत होतो, की वीस दिवस डेपो आपल्यासाठी थांबणार नाही, आपली फेरी दुसऱ्याला देईल. जुन्या बाजारात अपघातातल्या गाडीचं अख्खं इंजिन आलंय. परवा बसेल, तेरवा गाडी रस्त्यावर. हे बोलणंही खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते इतकं सरळ बोलता येत होतं.

मग आक्कानं मला विचारलं, "निवास, तूच सांग. पाणी, ऑइल, सगळं बघूनच चालवत हुतास न्हवं?"

"व्हय."

"मग झालं." ती मिस्त्रीकडं वळली. "माझा भाऊ माळकरी हाय, भावजी. त्याचा शबूद मला बास. दुसरं बसवा."

कृष्णातनं माझ्या गळ्यातल्या माळेकडं बघितलं. फार वेळ नाही, पाना खाली ठेवायला लागतो तेवढाच. मग म्हणाला, "खोलल्याबिगर मी निवासला काय म्हनणार न्हाई. आन् खोलल्याबिगर मला सोताला बी काय म्हनणार न्हाई. निदान जुनं हितंच ऱ्हाऊ दे."

मी सांगितलं, की व्यापारी जुनं घेतल्याशिवाय दुसरं सोडत नाही. तशी रीतच होती. पण आठ दिवस थांब म्हटलं असतं तर तो थांबलाही असता. मी त्याला म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो आणला आणि ते इंजिन मी स्वतः पोचवलं. बाजारात दोघा माणसांनी घणानं त्याचे तुकडे केले. मी तिथं उभा राहून बघितलं. त्या आठवड्यात ते बिडाच्या भंगाराबरोबर भट्टीत गेलं. कोल्हापुरात लोखंड फार दिवस पडून राहत नाही.

आता त्या दिवशी रस्त्यावर काय झालं ते सांगतो.

आमच्या गावात सप्ताह चालू होता आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासून. घरात खायला असो नसो, आमचे वडील पंचक्रोशीतलं कीर्तन चुकवत नसत आणि मला खांद्यावर घेऊन जात. त्यांची एकच शिस्त होती. कीर्तन चालू असताना उठायचं नाही. एकदा त्यांच्या पायाला विंचू डसला. ते मांडी आवळून तसेच बसून राहिले आणि आरती झाल्यावर म्हणाले, आता चला वैद्याकडं. ही गोष्ट आमच्या घरात अभिमानानं सांगितली जायची. मीही पुष्कळांना सांगितली आहे.

त्या सकाळी मी गावच्या दूध संस्थेची पोती भरून निघालो होतो. वाटेत रंगनाथ महाराज रस्त्याकडेला उभे दिसले. त्यांची जीप बंद पडली होती आणि दहाला कीर्तन उभं राहायचं होतं. मी गाडी थांबवली. पाया पडलो. त्यांनी हसून धोतर सावरलं आणि केबिनमध्ये चढले. मला काय वाटलं ते आता कसं सांगू? ज्यांना ऐकायला मी सायकलवरनं वीस-वीस कोस गेलो, ते माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर बसले होते.

थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "निवास, आजच्या पदाला एक नवी चाल सुचलीय. बघ बरं कशी वाटते."

आणि ते गाऊ लागले. ना टाळ, ना मृदंग. खाली इंजिनाची घरघर आणि वर तो आवाज. एक ओळ घेत, सोडून देत, पुन्हा दुसऱ्या अंगानं घेत. कृष्ण सवंगड्यांना शिदोरी वाटतो तो प्रसंग होता. मधेच थांबून मला अर्थ सांगत, जणू समोर हजार माणसं बसली आहेत. माझे डोळे भरून आले. स्टिअरिंगवर बोटं ताल धरत होती.

खिंडीच्या पायथ्याला माझं लक्ष पाण्याच्या काट्याकडं गेलं. तो लाल पट्टीत शिरला होता. मिस्त्रीनं गाडी देताना बजावलं होतं, की इंजिन नवं बांधलेलं आहे, काटा चढला की जागेवर थांब, निवल्याशिवाय हलू नकोस. मला ते आठवलं. पाय ब्रेककडं गेलासुद्धा. पण महाराजांनी वरचा स्वर धरला होता आणि डोळे मिटले होते. मला वाटलं, हे कडवं संपू दे. ते संपलं तसं त्यांनी दुसरं घेतलं. मला वाटलं, हे संपू दे. पुढं जळका वास आला. मी काच खाली केली, त्यांना वास जाऊ नये म्हणून. इंजिन ओढेना, मी आणखी रेटलं. खिंड चढून उतरलो, गावात शिरलो आणि मंडपासमोरच्या मैदानात गाडीनं एकदा हिसका दिला आणि ती गप्प झाली.

दहाला पाच कमी होते. लोक धावत आले. कुणीतरी म्हणालं, बघा, महाराजांना दारात पोचवलं आणि मगच गाडीनं प्राण सोडला. महाराजांनी बॉनेटला हात लावून नमस्कार केला. बायकांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं. अर्ध्या तासात तो चमत्कार झाला होता. कीर्तनभर मी पुढच्या ओळीत बसलो होतो आणि मला एक शब्द ऐकू आला नाही. दुपारी सगळे प्रसादाला बसले तेव्हा मी आडाचं पाणी काढून कोरडा पडलेला रेडिएटर काठोकाठ भरला.

दुसरं इंजिन बसलं. गाडी चालू झाली. आक्काची फेरी वाचली. आणि कृष्णातची शेड रिकामी होत गेली. आधी आमच्या गावच्या दोन गाड्या त्याच्याकडनं गेल्या, मग डेपोच्या. कुणी भांडलं नाही. नुसते येईनासे झाले. जाता-येता मी बघायचो, तो ओंडक्यावर बसून जुने पाने रॉकेलनं धूत असायचा. मला बघून हात वर करायचा. पावसाळ्यानंतर शेडला दुसऱ्याचं कुलूप दिसलं. तो एकाच्या कारखान्यात रोजावर क्रँक घासायला जाऊ लागला होता. ज्याच्याकडं इतके दिवस तो आपलं काम पाठवायचा, त्याच्याच हाताखाली.

दिवाळीच्या तोंडावर मी आक्काला सांगितलं. ती चकल्या पाडत होती. मी म्हणालो, की इंजिन माझ्या हातनं गेलं, मी ते तापलेलं चालवलं.

"का?" तिनं विचारलं.

महाराज गात होते म्हणून, असं म्हटलं तर दोष त्यांच्या गाण्यावर जाईल, गावाच्या चमत्कारावर जाईल. मी म्हणालो, लक्ष नव्हतं.

ती हसली. चकलीचा साचा खाली ठेवून चांगली हसली. म्हणाली, "तुझं? दरवाजा करकरला तरी गाडी थांबवून बघणारा तू. तुझं लक्ष न्हवतं?" मग तिचे डोळे निवले. "तुला त्याची कीव येती, हे मला कळतंय. पण दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घिऊ नये, निवास. कीर्तनं ऐकून लई मऊ झालास तू."

मी पुन्हा सांगितलं. ती जितकं ऐकत गेली तितकी तिची माया वाढत गेली. दोन दिवसांनी डेपोत एक ड्रायव्हर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून पाऊस पडतोय. तिनं गावभर सांगितलं होतं.

मग मी कृष्णातला गाठलं. कारखान्याच्या मागं नळावर तो हात धूत होता. त्याला मी सगळं सांगितलं, महाराजांच्या पदासकट. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"रेडिएटरमधलं पाणी नवं हुतं," तो म्हणाला. "दोन महिने फिरलेल्या गाडीचं पाणी तांबडं असतंय. ते नितळ हुतं, आडाचं."

"म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक हुतं?"

"संशय हुता. ठाऊक न्हवतं. खोललं असतं तर ठाऊक झालं असतं."

मी म्हणालो, की आता डेपोत जातो, गावात सगळ्यांना सांगतो. त्यानं ओले हात झटकले. "नगं. आता सांगितलंस तर लोक म्हनतील, मिस्त्रीनं गरीब माळकऱ्याला गळ घातली. हाय तेवढी अब्रू बी जाईल." मग म्हणाला, "लोकांचं सोड. वहिनीनं ते डोळ्यानं बघावं एवढंच माझं म्हननं हुतं. तुझ्या दाजीची गाडी ती. तिला वाटतंय, मित्र गेल्यावर मी त्याच्या घरात लबाडी केली."

भोंगा झाला आणि तो आत गेला.

पुढच्या सप्ताहाला काल्याचं कीर्तन पुन्हा रंगनाथ महाराजांचं होतं. मी या वेळी पुढं बसलो नव्हतो, पण लोकांनी ओढून पुढं बसवलं. बायकांच्या बाजूला आक्का दोन्ही मुलींना घेऊन बसली होती. कृष्णात मागच्या खांबाला टेकून बसला होता. गावच्या काल्याला तो कधी चुकत नसे, तेव्हाही चुकला नाही.

कीर्तन रंगलं होतं. हंडी फुटायला थोडा वेळ होता. महाराजांनी मृदंगाला हात दाखवून थांबवलं आणि म्हणाले, आता एक दृष्टांत सांगतो, तो पुराणातला नाही, तुमच्याच गावचा आहे. मला त्याच क्षणी कळलं. त्यांनी तो ट्रक उभा केला, ती खिंड उभी केली. संताच्या सेवेत प्राण सोडणारी गाडी. लोक टाळ्या वाजवू लागले. मग ते म्हणाले, की एका कारागिराच्या हातून चूक झाली होती. होते, माणूस आहे. पण या भक्तानं काय केलं? त्या कारागिराची अब्रू जाऊ नये म्हणून ती चूक त्यानं आपल्या माथ्यावर घेतली. सवंगड्यांची शिदोरी देवानं वाटून घेतली, यानं दुसऱ्याचं पाप वाटून घेतलं.

त्यांचा आवाज भरून आला होता. ते मनापासून बोलत होते. त्यांनी नाव घेतलं नाही, पण सगळा मंडप मागं वळून खांबाकडं बघत होता. राग कुणाच्याच तोंडावर नव्हता. लोकांनी त्याला माफ केलं होतं. कृष्णातनं मान खाली घातली. आक्का पदरानं डोळे टिपत होती. कुणीतरी माझ्यासाठी हार घेऊन पुढं येत होतं.

मी उठलो.

टाळकऱ्यांतल्या एकानं माझं धोतर धरून खाली ओढलं. महाराजांना वाटलं मी पाया पडायला येतोय. मी तिथनंच हात जोडून म्हणालो, "महाराज, थांबा."

"बस निवास," ते प्रेमानं म्हणाले. "कीर्तन चाललंय."

"त्या दिवशी बी चाललं हुतं, महाराज. म्हणून मी गाडी थांबवली न्हाई."

मी सांगत गेलो. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. तुम्ही नवी चाल लावत होता, काटा लाल झालेला मी बघितला, थांबवलं असतं तर तुम्ही गायचं थांबला असता. मला ते नको होतं. वास आला तेव्हा काच खाली केली. नंतर आडाचं पाणी भरलं. आक्काला खोटं सांगितलं आणि इंजिन फोडायला दिलं, उघडू नये म्हणून. मिस्त्रीनं बांधलेल्या इंजिनात काही खोट नव्हती.

महाराजांच्या हातातले टाळ छातीशी होते. त्यांचा चेहरा उतरला. मला अजून तो दिसतो. "मला सांगायचंस रे," ते हळू म्हणाले. "मी थांबलो असतो."

मागं कुजबुज सुरू झाली. हारवाला मधल्या मधे उभा होता. तेवढ्यात बायकांतनं आक्का उठली. तिनं रडणं थांबवलं होतं. गाडीची मालकीण विचारते तसं तिनं विचारलं, "काटा लाल हुता तो किती येळ?"

"खिंडीच्या पायथ्यापासनं."

"वर येईपातूर?"

"गावात येईपातूर, आक्का. पद संपेपातूर."

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. मुलींचे हात सोडवले, पदर खोचला आणि बसलेल्या माणसांतनं वाट काढत, कुणाच्या मांडीवर पाय पडला तरी न थांबता, मागच्या खांबापाशी गेली. कृष्णात उठायला लागला तर तिनं हातानं त्याला बस म्हटलं आणि स्वतः त्याच्या समोर जमिनीवर बसली.

"भावजी," ती म्हणाली, "ते दुसरं इंजिन पाणी खातंय. रोज एक कळशी लागती. बघता का?"

कृष्णातनं मान वर केली.

"धूर पांढरा हाय का काळा?"

"पांढरा. सकाळी लई."

"ऑइलची पट्टी काढून बघितली? दुधावानी दिसतंय का?"

आणि हंडी अजून टांगलेली असताना, विणेकरी उभा असताना, ते दोघं मंडपाच्या मागच्या खांबापाशी इंजिनाबद्दल बोलू लागले. आवाज बारीक होता, पण मंडप इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू येत होतं. कुणी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. महाराज टाळ धरून वाट बघत राहिले.

त्या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. मी अजूनही कीर्तनाला जातो, मागं बसतो. पण त्या दिवशीचं कीर्तन पुढं कसं सुरू झालं, हंडी कुणी फोडली, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी हात जोडून उभाच होतो आणि बस असं मला कुणी म्हणालं नाही.